भुवयांचं टचअप: नाव एक, सेवा तीन

टॅटू केलेल्या भुवयांसाठी 'टचअप' म्हणून जे दिलं जातं, त्यात खरं तर तीन निरनिराळ्या सेवा आहेत. मूळ कामानंतर सहा ते आठ आठवड्यांनी होतं ते पहिलं. तो त्याच कामाचा उरलेला भाग असतो. दुसरं म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी फिकटलेला रंग ताजा करणं. तिसरं, बिघडलेला रंग किंवा आकार सुधारणं. तिन्हींची गरज वेगळी, काम वेगळं आणि धोकाही वेगळा. इथे तिन्हींबद्दल लिहितो आहोत, पण भर दुसऱ्यावर आहे. रंग नीट असताना, निव्वळ 'वर्ष झालं' म्हणून करून घेतलेल्या टचअपनेच बऱ्याच चांगल्या भुवया बिघडतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं टचअप जवळपास सगळ्यांनी घ्यावं. दुसरं कॅलेंडर बघून घेऊ नये, भुवई बघून घ्यावं. तिसरं फक्त अशाच माणसाकडून घ्यावं जो 'आधी रंग उतरवू, मग बघू' असं म्हणायला कचरत नाही.

हे मत का, ते कळायला त्वचेत काय होतं ते पाहावं लागेल. मायक्रोब्लेडिंगमध्ये एका ओळीत बसवलेल्या बारीक सुयांच्या पात्याने केसासारख्या रेघा ओढतात. पावडर ब्रोमध्ये मशिनच्या सुईने ठिपके देत छटा भरतात. नॅनो ब्रोमध्ये केसांच्या रेघाच असतात, पण मशिनने काढलेल्या. तिन्हींमध्ये रंग वरच्या थराखाली, म्हणजे खालच्या थराच्या अगदी वरच्या भागात बसला पाहिजे. त्याहून वर राहिला तर खपलीबरोबर आणि त्वचेच्या नेहमीच्या नूतनीकरणात निघून जातो. वरचा थर बदलायला साधारण महिनाभर लागतो, वय वाढलं की त्याहून जास्त. रंग फार खोल गेला तर कडा पसरतात आणि तपकिरीचा राखाडी-निळसर होतो. गडद कण त्वचेतून पाहताना निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून काळसर रंगही निळा दिसतो.

योग्य जागी बसलेला रंग हळूहळू फिकटतो, पण तो सगळा जातोच असं नाही. नजरेला भुवई पुसट वाटते तेव्हाही खाली कण उरलेले असतात. प्रत्येक टचअप त्यात भर घालतं. चार-पाच वेळा भर पडली की रेघांमधली मोकळी जागा संपते आणि भुवई एकसंध पट्टीसारखी दिसू लागते. त्या टप्प्यावर नवीन रेघ काढायला जागाच उरत नाही. मायक्रोब्लेडिंग पुन्हापुन्हा केलं तर त्याच जागी छेद पडून त्वचा कडक होते, आणि कडक झालेली त्वचा रंग कुठे घट्ट धरते, कुठे मुळीच धरत नाही. म्हणून 'दरवर्षी एक टचअप' असं आगाऊ विकलेलं पॅकेज आम्हाला पटत नाही. पैसे भरून झालेत म्हणून लोक गरज नसताना खुर्चीत बसतात.

पहिल्या टचअपबद्दल थोडक्यात. ताजं काम बऱ्या झालेल्या रंगापेक्षा बरंच गडद दिसतं, ढोबळ मानाने तीस ते पन्नास टक्के. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बारीक खपल्या सुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग जवळजवळ गेल्यासारखा वाटतो आणि बरेच जण इथेच घाबरून फोन करतात. तेव्हा काहीही करायचं नाही. वर तयार झालेला नवा थर अजून धुरकट असतो. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात रंग पुन्हा वर दिसू लागतो. म्हणून पहिलं टचअप सहा आठवड्यांच्या आत घेऊ नये. पन्नाशीनंतर किंवा त्वचा सावकाश भरत असेल तर आठ ते दहा आठवडे थांबलेलं चांगलं. या भेटीत रंग न धरलेल्या जागा भरणं, एखादी रेघ वाढवणं, छटा किंचित उबदार किंवा थंड करणं एवढंच व्हावं. जो स्टुडिओ तीन आठवड्यांनीच बोलावतो, त्याला अर्धवट बऱ्या झालेल्या त्वचेवर काम करायचं आहे असं समजा.

आता मुख्य प्रश्न. त्यानंतर पुन्हा कधी?

सांगितली जाणारी मुदत ढोबळ असते. मायक्रोब्लेडिंग कोरड्या किंवा सामान्य त्वचेवर साधारण बारा ते अठरा महिने नीट दिसतं. तेलकट त्वचेवर सहा-आठ महिन्यांतच रेघा फुटून एकमेकींत मिसळू शकतात. पावडर ब्रो दीड ते तीन वर्षं चालतात. पण ऊन, पोहणं, धूम्रपान आणि त्वचेचा वरचा थर लवकर झडवणारे उपाय (रेटिनॉल, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल, केमिकल पील) या गोष्टी मुदत कमी करतात. दोन सारख्या त्वचांवर एकाच दिवशी केलेलं कामही वेगवेगळ्या वेगाने उतरतं. म्हणून आकड्यापेक्षा तपासणी महत्त्वाची.

तपासणी अशी करा. सकाळी चेहरा धुवा, पुसा, वीस मिनिटं थांबा. मेकअप नको, क्रीमही नको. त्याच दिवशी थ्रेडिंग केलं असेल तर थांबा, लालसरपणात रंग ओळखू येत नाही. भुवईच्या केसांना डाय किंवा टिंट लावलं असेल तर तेही उतरू द्या, नाहीतर तुम्ही केसांचा रंग मोजत बसाल, त्वचेचा नाही. खिडकीजवळ उभं राहा, पण थेट ऊन तोंडावर घेऊ नका. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात राखाडी भुवईसुद्धा तपकिरी दिसते. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, मागचा कॅमेरा, साधारण एक मीटर अंतर, सुंदर दिसण्याचे सगळे फिल्टर बंद. समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक असे तीन फोटो पुरेत.

हे फोटो कशाशी ताडायचे? पहिल्या टचअपनंतर आठ आठवड्यांनी काढलेल्या फोटोशी. काम झालेल्या दिवसाच्या फोटोशी तुलना केली तर प्रत्येक भुवई फिकटलेलीच वाटणार, कारण त्या दिवशी रंग वर साचलेला असतो आणि त्वचा सुजलेली असते. स्टुडिओच्या भिंतीवरचे नमुनेही बहुतेक त्याच दिवसाचे असतात. आर्टिस्ट निवडताना 'बऱ्या झालेल्या भुवयांचे फोटो दाखवा' एवढं एकच वाक्य पुरतं.

मग व्हॅसलिनचा अगदी पातळ हात भुवईवर फिरवा आणि पुन्हा बघा. रंग लगेच उठून दिसला तर रंग गेलेला नाही, वरची त्वचा कोरडी पडली आहे. अशा वेळी आठवडाभर नीट मॉइश्चरायझर लावल्यावर टचअपची घाई आपोआप कमी होते. कोरड्या हवेत हे वारंवार घडतं. व्हॅसलिन लावूनही रंग तसाच पुसट असेल तर तो खरोखर उतरला आहे.

तिसरी गोष्ट, दोन बोटांनी त्वचा हलकेच ताणा. रेघा वेगवेगळ्या दिसतात की त्यांचा एक ढग झाला आहे? ढग झाला असेल तर त्यावर पुन्हा रेघा काढून उपयोग नाही. त्या ढगातच विरघळतील. तिथे मशिनने हलकी छटा देणं किंवा काहीच न करणं, हे दोनच पर्याय राहतात.

भुवईचे तीन भागही वेगवेगळे वाचा: नाकाकडचा पुढचा भाग, कमान आणि शेपटी. पुढचा भाग मुळातच फिकट ठेवलेला असतो, तो फिकट आहे म्हणून टचअप घेऊ नका. उलट तो इतर भागांइतकाच गडद झाला की चेहऱ्यावर सतत रागीट भाव दिसतो, आणि टचअपमध्ये सर्वांत जास्त बिघडणारी जागा हीच. शेपटी मात्र बहुतेकदा आधी जाते. कुशीवर झोपताना उशीवर घासते, चेहरा पुसताना तिथे हात जोरात फिरतो, सनस्क्रीन लावताना ती जागा सुटते. फक्त शेपटी गेली असेल तर फक्त शेपटी भरून घ्या. पूर्ण भुवईवरून सुई फिरवायची गरज नाही, आणि चांगला आर्टिस्ट ते स्वतःहून सांगतो.

रोजच्या सवयीतूनही हेच कळतं. सकाळी पेन्सिल हातात घेता का? घेतलीत तर कुठे फिरवता? आठवड्यातून एखाद्या वेळी, टोकाला दोन रेघा, एवढंच असेल तर अजून वेळ आहे. रोज दोन्ही भुवया भराव्या लागत असतील तर वेळ झाली.

आमच्या अंदाजाने सुरुवातीच्या बऱ्या झालेल्या रंगाच्या निम्म्याहून जास्त रंग दिसत असेल आणि छटा तपकिरी असेल तर थांबावं. तिसरा हिस्सा ते निम्मा रंग उरला आहे, कडा ओळखू येतात आणि छटा अजून तपकिरीच आहे, ही टचअपची सर्वांत चांगली वेळ. आर्टिस्टला जुना आकार सापडतो, आणि रंग कमी असल्यामुळे नवा थर भारी होत नाही. त्याहून कमी उरलं असेल, आकार अंदाजाने शोधावा लागत असेल, तर ते टचअप राहत नाही. ते नवं काम आहे आणि त्याला पुन्हा दोन बैठका लागतील. 'टचअपच्या दरात करून देतो' असं कोणी म्हटलं तर दुसरी बैठक त्यात धरली आहे का, एवढं विचारून घ्या.

छटा बदलली असेल तर गोष्ट वेगळी. लोह ऑक्साइडच्या रंगांमध्ये काळा, पिवळा आणि तांबडा असे तीन मूळ घटक मिसळून तपकिरी बनवतात. ते सारख्या वेगाने उतरत नाहीत आणि बहुधा तांबूस किंवा गुलाबी छटा मागे राहते. कार्बनचा काळा जास्त असलेला रंग जास्त टिकतो, पण राखाडीकडे झुकतो. अशा भुवईवर पूर्वीचाच तपकिरी पुन्हा भरला की काही आठवडे बरं दिसतं, मग तीच छटा आणखी गडद होऊन परत येते. तांबूस भुवईला हिरवट झाकेचा तपकिरी लागतो, राखाडी-निळ्याला नारिंगी झाकेचा. हे रंग दुरुस्तीचं काम आहे, ताजं करण्याचं नव्हे. बाटलीतल्या नारिंगीत टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा जास्त असेल तर काही वर्षांनी काळा उतरून भुवईवर फिकट नारिंगी डाग उरतो आणि तो काढणं अवघड जातं. म्हणून दुरुस्ती करणारा माणूस बाटलीवरची यादी वाचून दाखवू शकला पाहिजे. लोह ऑक्साइड तिथे सीआय (कलर इंडेक्स, रंगांची आंतरराष्ट्रीय सूची) ७७४९१, ७७४९२, ७७४९९ या क्रमांकांनी लिहिलेले असतात, टायटॅनियम डायऑक्साइड ७७८९१, कार्बन ब्लॅक ७७२६६. युरोपीय संघात ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या रंगांतल्या अनेक रसायनांवर मर्यादा आल्या. तिथल्या बाटलीवर घटकांची यादी आणि बॅच क्रमांक बंधनकारक आहे. तुम्ही कुठेही असलात तरी लेबल नसलेल्या बाटलीतून रंग घेऊ नका.

भुवई गडद, रुंद किंवा चुकीच्या जागी असेल तर वर काहीही भरून ती सुधारत नाही. चूक झाकायला आकार मोठा करावा लागतो आणि पुढच्या वेळी आणखी मोठा. अशा वेळी आधी रंग उतरवणं हाच मार्ग. सुईने मिठाचं द्रावण त्वचेत सोडून रंग उतरवताना दोन बैठकांमध्ये साधारण आठ आठवडे लागतात, एका बैठकीत क्वचितच भागतं. लेझर त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावा. लोह ऑक्साइड किंवा टायटॅनियम असलेला रंग लेझरने एकदम काळपट होऊ शकतो, त्यामुळे आधी एका लहानशा जागेवर चाचणी घेणं आवश्यक. ही शक्यता न सांगणाऱ्याकडे पाऊल ठेवू नये.

कधी टचअप घेऊच नये, हेही स्पष्ट असू द्या. गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद झाल्यावर निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर थांबा. रेटिनॉल आणि आम्लं कपाळावर लावत असाल तर दोन ते चार आठवडे आधी बंद करा. कपाळावर बोटॉक्स घेतलं असेल तर निदान दोन आठवडे जाऊ द्या, कारण त्याने भुवईची उंची बदलते आणि आखणी चुकते. उन्हाने भाजलेल्या, एक्झिमा किंवा सोरायसिस चिघळलेल्या जागेवर सुई लावायची नाही. कोड किंवा सोरायसिस असणाऱ्यांना सुई लागलेल्या जागी नवीन डाग येऊ शकतात, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह आटोक्यात नसेल, केलॉइड (जखमेच्या जागी वाढणारा फुगीर व्रण) होण्याची प्रवृत्ती असेल तरीही तेच. रक्त पातळ करणारी गोळी आर्टिस्टच्या सांगण्यावरून बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

आता खुर्चीत बसल्यावर काय दिसलं पाहिजे. चांगली टचअप सेवा पहिल्या वीस-तीस मिनिटांत सुईला हातच लावत नाही. आधी मेकअप पुसून फोटो, मग आधी वापरलेला रंग कोणता याची नोंद, मग आखणी. जुन्या आकारावरून नुसतं गिरवणं ही आळशी पद्धत आहे. वयाबरोबर पापणी आणि भुवई खाली येते, दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात येत नाहीत, शिवाय पहिल्याच वेळी झालेली चूक गिरवल्याने पक्की होते. धाग्याने किंवा कॅलिपरने मोजून, तुम्ही बसलेल्या स्थितीत, डोळे उघडे ठेवून आखणी झाली पाहिजे. आडवं पडल्यावर त्वचा सरकते. आखलेला आकार आरशात दाखवून तुमचा होकार घेतल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे आणि त्यावर मुदत व बॅच क्रमांक छापलेला हवा. रंग बाटलीतून थेट नाही, एकदाच वापरायच्या छोट्या कपात काढलेला हवा आणि उरलेला फेकलेला दिसला पाहिजे. बाटली केव्हा उघडली ती तारीख तिच्यावर लिहिलेली असते का, तेही बघा. सुन्न करणारं क्रीम वीस ते तीस मिनिटं ठेवतात. काम चालू असताना त्वचेवर वारंवार रक्त येत असेल तर सुई खोल जाते आहे. रक्त रंगाला बाहेर ढकलतं, आणि जे आत राहतं ते राखाडी होतं. त्याच जागेवरून सुई किती वेळा जाते तेही पाहा. टचअपला एक किंवा दोन फेऱ्या पुरतात. 'अजून थोडा गडद करू' म्हणत चौथी फेरी घेणाऱ्याला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पद्धत बदलण्याचा सल्ला मिळाला तर तो ऐकण्यासारखा असतो. तेलकट किंवा मोठ्या रंध्रांच्या त्वचेवर, किंवा आधी दोन वेळा मायक्रोब्लेडिंग झालेलं असताना, तिसऱ्या वेळी मशिनने पावडर छटा देणं बहुतेक वेळा जास्त चांगलं दिसतं आणि त्वचेला कमी इजा होते. पात्यानेच करायचा आग्रह धरणाऱ्या आर्टिस्टला बहुधा मशिन येत नाही.

पॅच टेस्टबद्दल एक सूचना. कानामागे थोडा रंग लावून २४ ते ४८ तास पाहणं योग्यच, पण त्यात काही आलं नाही म्हणजे ॲलर्जी होणारच नाही असं नाही. टॅटूच्या रंगाची प्रतिक्रिया महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. भुवईत खाज, उंचवटे किंवा गाठी आल्या तर टचअप करू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

टचअपनंतरची काळजी पहिल्यासारखीच असते, फक्त लोक ती हलक्यात घेतात. पहिल्या दिवशी पाझरणारा द्रव दर तास-दोन तासांनी निर्जंतुक गॉजने टिपायचा, घासायचा नाही. तो साचून सुकला की जाड खपली धरते आणि ती पडताना रंग सोबत नेते. मलम तांदळाच्या दाण्याएवढंच, दोन्ही भुवयांना मिळून. जास्त लावलं तर त्वचा ओली राहून रंग फुटतो. सात ते दहा दिवस घाम, पोहणं, वाफ, भुवईवर मेकअप आणि थेट ऊन टाळा. खपली ओढू नका. ओढलेल्या जागी पांढरा ठिपका राहतो आणि तोच पुढे 'टचअप नीट झालं नाही' म्हणून दाखवला जातो. दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल तर स्टुडिओला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा. त्वचा पूर्ण भरल्यावर एसपीएफ ३० ते ५० चं सनस्क्रीन भुवईवरून रोज फिरवलंत तर पुढचं टचअप बरंच लांबतं. रात्रीचं रेटिनॉल लावताना भुवईपासून बोटभर अंतर ठेवा.

निघताना स्टुडिओकडून एक कागद मागून घ्या: रंगाचं पूर्ण नाव आणि छटा, बॅच क्रमांक, पातं की मशिन, सुईची जाडी, किती फेऱ्या आणि कोणत्या भागावर. कधी एमआरआय करायची वेळ आली तर भुवयांवर टॅटू आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगा. लोहाच्या रंगामुळे क्वचित तिथे ऊब किंवा सूज जाणवते आणि भुवईजवळची प्रतिमा बिघडू शकते. त्या कागदाचा फोटो आणि आठ आठवड्यांनी त्याच खिडकीजवळ काढलेला भुवयांचा फोटो फोनमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. पुढच्या वेळी 'आता टचअप हवं का' हे त्या फोटोशेजारी नवा फोटो ठेवूनच ठरेल.